नकलेतला राम

१

मराठी दप्तरात ‘अस्सल’ आणि ‘नक्कल’ हे दोन शब्द पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आले आहेत. जुन्या कागदावर ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शेरा दिसला, की मूळ कागद हाती नसला तरी त्यातला मजकूर कानामात्रेसह इथे उतरला आहे, अशी वाचणाऱ्याची खात्री पटे. आजही तहसील कचेरीतून सात-बाराची नक्कल घेऊन माणूस निर्धास्त घरी येतो. तिथे नक्कल हा कमीपणाचा शब्द नाही. मूळ नोंद दप्तरात राहते, कामाला येते ती नक्कल. हाच शब्द चित्रांच्या दालनात आला, की मात्र त्याची पत जाते. ‘नक्कल आहे’ एवढे कळले, की जाणकार मान फिरवतो आणि पुढच्या चित्राकडे वळतो.

हा लेख जाणकारांनी मान फिरवलेल्या अशाच चित्रांविषयी आहे. राजस्थानी, पहाडी आणि मोगल लघुचित्रांवरून हाताने रंगवलेल्या, रामायण-महाभारतातले प्रसंग दाखवणाऱ्या प्रतिकृती आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. जयपूर-उदयपूरच्या गल्ल्यांत त्या तयार होतात, हस्तकलेच्या प्रदर्शनांतून गावोगाव फिरतात, लग्नात किंवा निवृत्तीच्या समारंभात भेट म्हणून दिल्या जातात. लोणार तालुक्यातल्या आमच्या सुलतानपुरातही त्या पोचल्या आहेत. गेली काही वर्षे मी गावातल्या आणि आसपासच्या घरांतल्या अशा चित्रांसमोर थांबून ती नीट पाहतो आहे. आमच्याकडच्या बहुतेकांना लघुचित्र भेटते ते याच रूपात. त्यासाठी मुंबईच्या संग्रहालयात जाणारे थोडे, लंडनला जाणारे त्याहून थोडे. म्हणजे नक्कल जशी असेल तसे आमचे लघुचित्र. एवढ्या एका कारणासाठी तरी नकलेची समीक्षा व्हायला हवी.

माझे म्हणणे असे आहे, की हुबेहूबपणा ही अशा नकलेची पहिली कसोटी नव्हे. महाकाव्यातल्या प्रसंगाचे चित्र हे गोष्टीचे पान असते. नक्कल करताना ती गोष्ट उतरली की नाही, हे आधी पाहावे आणि मग रेषा, रंग, सोने यांकडे वळावे. बाजारातल्या बऱ्याचशा नकला या पहिल्या कसोटीला उतरत नाहीत. मात्र त्याचा दोष कुंचला धरणाऱ्या हाताकडे जात नाही, तो आपल्याकडे येतो.

२

लघुचित्रांच्या परंपरेत नक्कल ही शिकण्याची आणि काम पुढे नेण्याची रीत होती. घराण्यात खाके जपलेले असत. हरणाचे कातडे पारदर्शक होईपर्यंत पातळ करून त्यावर मूळ चित्राची रेषा उतरवायची, याला चरबा म्हणत. रेषेवरून सुईने बारीक छिद्रे पाडायची, खाली कोरा कागद ठेवायचा आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून हलक्या हाताने थोपटायची. खालच्या कागदावर ठिपक्यांची आकृती उमटते, ती जोडून घ्यायची. कागदही साधा नसे. अनेक थर खळीने चिकटवून वसली तयार करायची आणि ती अकीकाने घोटून गुळगुळीत करायची. हिंगूळ, शेंदूर, हरताळ, नीळ, गेरू, सफेदा हे रंग डिंकात कालवायचे आणि खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला वापरायचा. यातली बरीच रीत आजही चांगल्या नक्कलकाराच्या हातात आहे. म्हणून त्याला सरसकट बनावट माल करणारा म्हणणे अन्यायाचे आहे.

पण जुन्या काळी नक्कल म्हणजे चित्राचा ठसा काढणे एवढाच अर्थ नव्हता, हेही ध्यानात घ्यायला हवे. अकबराने १५८२ च्या सुमारास महाभारताचे फारसी भाषांतर सुरू करवले. त्याचे नाव ‘रज्मनामा’, म्हणजे युद्धाचा ग्रंथ. त्याची चित्रांकित राजप्रत पुढे जयपूरच्या राजघराण्याकडे आली. अमिरांनीही आपापल्या प्रती करून घ्याव्यात असा हुकूम झाल्याचे बदायुनी या समकालीन इतिहासकाराने नोंदवले आहे. त्यानंतरच्या प्रतींपैकी एक १५९८ ची आहे. अब्दुर्रहीम खानखानाच्या पदरी असलेल्या चित्रकारांनीही सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात एक प्रत केली. या सगळ्या ‘प्रती’च आहेत, तरी त्यांतली चित्रे एकमेकांचे ठसे नाहीत. प्रसंगांची निवड आणि मांडणी प्रतीगणिक बदलते. मजकूर पुढे जायला हवा आणि चित्राने त्याला साथ द्यायला हवी, एवढी अट पुरेशी होती.

पहाडी चित्रकलेत याचा आणखी एक पुरावा सापडतो. गुलेरचा मानकू हा पंडित सेऊचा मुलगा आणि नैनसुखचा थोरला भाऊ. त्याने १७२५ च्या सुमारास लंकेच्या वेढ्याची मोठ्या आकाराची चित्रमालिका हाती घेतली. तिची काही पाने पूर्ण रंगवलेली आहेत, तर काही नुसत्या रेषेवर थांबली आहेत. पानांच्या पाठीवर वाल्मीकीचे श्लोक लिहिलेले आहेत. अपुरी पाने पाहताना लक्षात येते, की रंगाचा थेंब पडण्यापूर्वीच कोण कुठे उभा राहणार, लंकेचा तट कुठे येणार, वानरसेना कुठे थबकणार, हे सगळे ठरून गेलेले असे. गोष्ट आधी, रंग नंतर.

३

बाजारातल्या नकलांमध्ये काय गळते हे समजून घ्यायचे तर मेवाडच्या रामायणाकडे जावे लागते. महाराणा पहिला जगतसिंह याच्या कारकिर्दीत १६४९ साली सुरू झालेले हे काम १६५३ पर्यंत चालले. चित्रकारांमध्ये साहिबदीन आणि मनोहर ही दोन नावे ठळक आहेत. ग्रंथाचे लेखन महात्मा हीरानंद याने केले. चित्रांची संख्या चारशेच्या वर जाते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या ग्रंथाचे काही खंड महाराणा भीमसिंहाकडून जेम्स टॉडला मिळाले, त्याने ते विलायतेला नेले आणि आज त्यांचे घर ब्रिटिश लायब्ररी आहे. मनोहरने रंगवलेली बालकांडाची पाने मात्र मुंबईत, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. २०१४ मध्ये या दोन्ही संस्थांनी मिळून विखुरलेली पाने संगणकाच्या पडद्यावर एकत्र आणली. उदयपूरच्या ग्रंथाची लंडनला असलेली पाने सुलतानपुरात बसून एकेक करून उलटता आली, ही सोय माझ्यासारख्या माणसासाठी लहान नव्हती.

हा ग्रंथ आडव्या, सुट्या पानांच्या पोथीसारखा आहे. पानाच्या एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला मजकूर. साहिबदीनची युद्धकांडातली पाने पाहताना नवखा माणूस गोंधळतो. एकाच चौकटीत एकच पात्र पुन्हा पुन्हा येते. नागपाशाच्या प्रसंगाचे पान घ्या. इंद्रजित बाण सोडतो, राम-लक्ष्मण सर्पबाणांनी जखडून भुईवर पडतात, वानर भोवती गोळा होतात. त्याच पानावर इंद्रजित लंकेत परतून रावणाला वार्ता सांगतो आणि सीतेला पुष्पकात बसवून पडलेला राम दाखवायला नेले जाते. हे सगळे एका दृष्टिक्षेपात घ्यायचे नसते. डोळ्याने रणभूमीवरून लंकेत जायचे, तिथून आकाशात चढायचे आणि सीतेबरोबर पुन्हा रणभूमीवर उतरायचे. वाट डावीकडून उजवीकडे सरळ जात नाही. ती ज्याला गोष्ट ठाऊक आहे त्यालाच सापडते, आणि विसरलेल्यासाठी पानाच्या पाठीवर मजकूर आहे.

या वळणावाटेचा परिणाम मला फार खोल वाटतो. राम आपल्याला आधी शत्रूच्या बाणाखाली दिसतो आणि मग सीतेच्या नजरेने. पान तेच, आकृती तीच, पण दुसऱ्यांदा तिथे पोचेपर्यंत आपण बदललेले असतो. हे कसब रंगसंगतीचे नाही, कथनाचे आहे. साहिबदीन इथे कीर्तनकाराच्या जवळ जातो. तोही एकाच प्रसंगाभोवती दोनदा फिरतो आणि दुसऱ्या फेरीत श्रोत्यांचा गळा दाटून येतो.

४

आता आमच्या भागातल्या भिंतींकडे वळतो. मी पाहिलेल्या नकलांमध्ये विषय मोजकेच आहेत. रामदरबार, द्रोणागिरी घेऊन उडणारा हनुमान, पंचवटीत बसलेले राम-सीता आणि बाजूला उभा लक्ष्मण, कृष्णार्जुनाचा रथ. काम अनेकदा खरोखर चांगले असते. पंचवटीच्या एका चित्रातली झाडाची पाने मी भिंग लावून पाहिली. प्रत्येक पानाला कडेची फिकट रेघ वेगळी दिलेली होती, आणि ती पाहून या हाताची मेहनत कोणीही मान्य करील. उणीव शोधायची तर ती चेहऱ्यांत सापडते. सगळे चेहरे एका साच्यातले, डोळे ठरलेल्या लांबीचे आणि कोणाची नजर कोणावर टिकलेली नाही. जुन्या पहाडी चित्रात लक्ष्मणाची मान किंचित वळलेली असली, तर ती राक्षसाची चाहूल लागल्यामुळे वळलेली असते. नकलेत मान वळलेली राहते आणि चाहूल गळून जाते.

दुसरी गोष्ट कागदाची. यातली बरीच चित्रे संस्थानी काळातल्या जुन्या मुद्रांकित कागदांवर किंवा जुन्या वह्यांच्या पानांवर काढलेली असतात. कागद जुना असतो हे खरे, आणि त्यावरचे लिहिणेही. म्हणून गिऱ्हाइकाला चित्रही जुने वाटते. एका घरातल्या रामदरबाराच्या कडेने नागरी अक्षरे डोकावत होती. मी ती लावून पाहिली, तर कोण्या दोघांच्या देण्याघेण्याचा तो व्यवहार निघाला. रामाच्या सिंहासनामागे कर्जाची फेड! हसू येते, पण प्रकार गंभीर आहे. मूळ पोथीत चित्राच्या पाठीला मजकूर असे आणि तो त्या चित्राचाच असे. नक्कल करणाऱ्याने ‘चित्र आणि अक्षर’ ही जोडी ओळखली, फक्त अक्षराचा अर्थ सोडून त्याचा जुनेपणा तेवढा ठेवला. दप्तराच्या भाषेत सांगायचे तर शिक्का उतरला आणि मजकूर राहिला.

उदयपूरला एका नक्कलकाराच्या खोलीत मी मेवाड रामायणातल्या नागपाशाच्या पानाची छापील प्रत पुढे ठेवली आणि असे करून द्याल का, म्हणून विचारले. त्याने कागद हातात घेतला, क्षणभर पाहिला आणि बोट ठेवत ठेवत मला सबंध गोष्ट त्याच क्रमाने सांगितली. इथे बाण सुटला, इथे पडले, हा परत गेला, ही विमानातून आली. एकदाही चुकला नाही. मग म्हणाला, “करून देईन. पण असले काम कोणी मागत नाही. पडलेला राम घरात कोण लावणार?”

या उत्तराने माझी बाजारातल्या नकलांकडे पाहण्याची दृष्टी पालटली. वाचता येणारे डोळे अजून आहेत. हातही आहेत. मागणीच तेवढी पुसली गेली आहे. शिवाय त्याचा प्रश्न खोटाही नाही. पोथीतले पान हातात धरायचे असते. नागपाशाचे पान पाहून झाले की ते बाजूला ठेवायचे आणि पुढचे घ्यायचे. पुढे गरुड येतो, साप पळतात आणि राम उठून बसतो. भिंतीवर ही सोय नाही. तिथे लावलेला राम पडलेलाच राहील, रोज सकाळी चहा घेताना डोळ्यांसमोर. मग गिऱ्हाइकाने रामदरबार निवडला तर त्यात त्याचे काय चुकले? भिंतीला दर्शन हवे असते आणि पोथीला गोष्ट. पोथीतले पान चौकटीत बसवले, त्याच दिवशी आपण त्याचे दैवताच्या तसबिरीत रूपांतर केले.

ही सवय लागली तिच्या मुळाशी मराठी मुलुखातलाच एक मोठा उद्योग आहे. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांनी लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या तसबिरींनी देवादिकांना घराघरांत आणले, हे त्यांचे श्रेय वादातीत आहे. पण त्यांनी आपल्या डोळ्याला एक वळणही लावले. एक चौकट, एक क्षण, एकेका पात्राची एकच आकृती. आज लघुचित्राची नक्कल निवडताना आपण नकळत तीच तसबीर शोधत असतो, फक्त जुन्या पोशाखात.

५

आपल्याकडे नकलेची दुसरीही एक परंपरा आहे आणि ती मेवाडपेक्षा आपल्याला जवळची आहे. पैठणी चित्रे म्हणून ओळखली जाणारी चित्रकथींची पाने पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहायला मिळतात. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातल्या घराण्यांनी ही कला जपली आहे. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रकथी हा नुसता चित्रकार नव्हे. तो पाने एकेक करून पुढे धरतो, वीणा-हुडुकाच्या साथीने गातो आणि सांगतो. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, म्हणजे पान उलटले की गोष्ट पुढे सरकते. इथे पाठीवर मजकूर नसतो. तो सांगणाऱ्याच्या तोंडी असतो.

लघुचित्राच्या मोजपट्टीने पाहिले तर ही पाने ओबडधोबड आहेत. मोठे डोळे, जाड रेषा, सपाट रंग. एका पानाची दुसऱ्या पिढीने केलेली नक्कल पहिल्यासारखी असतेच असे नाही. मुकुटाची नक्षी सुटते, रथाची चाके कमी-जास्त होतात. पण बाण कोणी सोडला आणि कोणाला लागला, याविषयी संशय राहत नाही. जे टिकवायचे ते टिकवून बाकीचे सैल सोडण्याचा हा शहाणपणा आहे.

बभ्रुवाहनाचे आख्यान यासाठी पाहण्यासारखे आहे. अर्जुनाचा मुलगा अश्वमेधाच्या घोड्यावरून बापाशीच लढतो, त्याला मारतो आणि मग त्याला उठवण्यासाठी पाताळातून संजीवक मणी आणायला निघतो. रज्मनाम्यात चौदाव्या पर्वाच्या जागी जैमिनीचा अश्वमेध घेतलेला असल्यामुळे ही कथा मोगल प्रतींच्या वाट्याला विस्ताराने आली. आपल्याकडे श्रीधरस्वामींसारख्या कवींमुळे जैमिनीच्या कथा गावोगावच्या श्रोत्यांना पाठ होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचे पैठणी शैलीतले, बभ्रुवाहनाचे पाताळातल्या नागांशी चाललेले युद्ध दाखवणारे एक पान आज लॉस एंजेलिसच्या कलासंग्रहालयात आहे. मोगल कारखान्यातला चित्रकार आणि पैठणी पाने काढणारा चित्रकथी यांच्या कौशल्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तरी दोघे एकाच परंपरेचे पाईक आहेत, कारण दोघांनाही पुढचे पान काढायचे आहे. आजचा नक्कलकार हाताने मोगल कारखान्याच्या जवळचा आहे, पण त्याला पुढचे पान काढायला कोणी सांगत नाही.

आमच्या लोणारच्या दैत्यसूदन मंदिरातही हेच दिसते. छतावर लवणासुराचा वध, नरसिंह आणि हिरण्यकशिपू, कंसवध असे प्रसंग कोरलेले आहेत. मान वर करून नुसते पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते. शेजारी सांगणारा उभा राहिला की छत बोलू लागते.

६

मग हुबेहूब नकलेला काहीच किंमत नाही का? आहे, आणि ती नाकारली तर माझे म्हणणे एकांगी होईल. आमच्या जिल्ह्याच्या शेजारचे अजिंठा हे त्याचे उदाहरण आहे. रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षे लेण्यांत बसून केलेल्या तैलचित्रांच्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. त्यानंतर जॉन ग्रिफिथ्सने जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकडून १८७२ पासून पुन्हा नकला करवल्या, त्यांतल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. ज्या वाचल्या त्यांचे मोल आज मोठे आहे, कारण भिंतीवरचा रंग तेव्हापासून आणखी झडला. अशा जागी नक्कल साक्षीदार असते, आणि साक्षीदाराने पदरचे काही घालू नये हेच बरे.

पण साक्ष म्हणजे काय, हेही पुण्यात फार बारकाईने तपासले गेले आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम सुरू झाले आणि ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. विष्णु सीताराम सुखटणकरांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत या कामाची पद्धत मांडली. हाती आहेत त्या सगळ्या नकलाच. व्यासांच्या हातची प्रत कोणापाशीच नाही. म्हणून प्रत्येक नकलेने कोणता पाठ राखला, कोणता बदलला आणि कोणता घातला, हे ताडून पाहायचे. या पद्धतीत नकलेचे मोल ती दिसते कशी यावर ठरत नाही, ती काय सांगते यावर ठरते.

त्याच आवृत्तीत चित्रेही आहेत. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी या प्रकल्पासाठी एक लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले आणि स्वतः चित्रे काढली. प्राचीन नमुन्यांवरून ती काढल्याचा उल्लेख मुखपृष्ठावर आहे. बाळासाहेबांचा अधिकार मोठा होता. १९३८ मध्ये त्यांनी औंधला उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयात पहाडी शैलीतली किरातार्जुनाची चित्रेही आहेत. तरीही या आवृत्तीतली त्यांची चित्रे पाहताना मला दोन पद्धतींतली दरी जाणवते. मजकूर शेकडो प्रती ताडून ठरवलेला आहे. चित्रात मात्र दागिने, वस्त्रे, रथ यांचे पुरावे शोधलेले आहेत आणि प्रसंगाची मांडणी त्या काळच्या रंगमंचासारखी समोरून, एका क्षणावर थांबलेली आहे. नमुना प्राचीन, नजर तसबिरीची. जुन्या चित्रकारांनी हाच प्रसंग कुठून कुठे फिरवत नेला, त्या वाटेचाही पाठ ताडून पाहता आला असता. लघुचित्रांच्या नकलांकडे अशा नजरेने पाहणे अजून आपल्या हातात आहे.

७

उदयपूरच्या त्या नक्कलकाराकडून मी शेवटी दोन पाने करून घेतली. पहिले नागपाशाचे, मुळाबरहुकूम. दुसरे गरुडाच्या आगमनाचे. हे दुसरे पान त्याने कोणत्याही मुळावरून काढले नाही. पहिल्या पानावरचे राम-लक्ष्मण आणि वानर उचलून, त्यांच्या जागा बदलून, गरुड आपल्या मनाने घालून ते त्याने जुळवले. दोन्ही वसलीवर, अकीकाने घोटलेली. पाठ कोरी ठेवायला मी सांगितले होते. तिथे प्रसंगाचा गोषवारा मी मराठीत लिहिला. चातुर्मासात आमच्याकडे रामविजयाचे वाचन चालू असताना, युद्धाचा भाग आला त्या दिवशी ही पाने श्रोत्यांमधून फिरवली. फार मोठे काही घडले नाही. पण पहिले पान हाती आलेल्या म्हाताऱ्या बाईने ते बराच वेळ पाहिले, सीतेच्या विमानावर बोट ठेवले, पान उलटले आणि “पुढचं द्या” म्हणून हात पुढे केला. चित्र भिंतीवर असते, तर तिने हात जोडले असते.

दोन्ही पानांवर समीक्षक म्हणून बोलायचे तर पहिले अधिक सफाईचे आहे आणि दुसरे अधिक जिवंत. पहिल्यात मूळ रंगांचा समतोल बव्हंशी साधला आहे, मात्र सीतेचा चेहरा साच्यातला झाला आहे. दुसऱ्यात गरुडाचे पंख प्रमाणाबाहेर मोठे आहेत आणि एका कोपऱ्यात जागा उगाच मोकळी पडली आहे. पण पळणाऱ्या सापांपैकी एक मागे वळून पाहतो आहे. हे त्या चित्रकाराला कोणी सांगितले नव्हते. गोष्ट पुढे नेण्याची मोकळीक मिळताच त्याच्या हाताला ते सुचले.

एखाद्या गोष्टीत काही अर्थ नसला, की आपण ‘त्यात राम नाही’ असे म्हणतो. बाजारातल्या बहुतेक नकलांमध्ये राम ठसठशीत असतो, सोन्याच्या मुकुटासह. तरी त्यांत राम नाही असे मला वाटत आले, आणि नागपाशाच्या पानावर तो पडलेला असूनही आहे. हा फरक रंगाचा किंवा किमतीचा नाही. पुढची गोष्ट नकलेत उतरली की नाही, याचा आहे.

म्हणून वाचकांना एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. पुढच्या खेपेला प्रदर्शनात अशी नक्कल घेताना ‘हे जुने आहे का’ हा प्रश्न सोडून द्यावा. ती जुनी नसतेच आणि असण्याची गरजही नाही. त्याऐवजी हा प्रसंग कोणता, याच्या आधीचे आणि नंतरचे पान करून देता का, पाठीला काय लिहिलेले आहे, हे विचारावे. ग्रामीण ग्रंथालयांनी आणि शाळांनी भिंतीवरच्या एका मोठ्या चित्रापेक्षा दहा लहान पानांचा संच मागावा. विकणारा आधी चकित होईल, कदाचित परवडत नाही म्हणेल. पण मागणाऱ्यांची संख्या थोडी वाढली, तर उदयपूरच्या त्या खोलीतल्यासारखे डोळे आणि हात पुन्हा कामाला लागतील. पिंगुळीच्या चित्रकथीलाही एखादा नवा संच काढायला कोणीतरी सांगेल.